प्रकल्प नोंदी : ‘ना’ या एका अक्षराचा माग

२ जून

भाचीची वेणी घालत होते. मानेजवळचा गुंता सोडवताना केस जरा जोरात ओढले गेले आणि ती कळवळली, “ओढू नको ना मावशी, दुखतंय ना!”

कंगवा हातातच राहिला. एका दमात तीन वेळा ‘न’. पहिला ‘नको’तला, तो सरळ नकार. दुसरा त्याला चिकटून आलेला, पण तो नकार नव्हे, नाहीतर ‘नको’चे ‘हवे’ झाले असते. ती विनवणी आहे. आणि तिसऱ्यात तर दुखत असल्याची ग्वाही आहे. अक्षर एकच, पण तीन वेगळी कामे, आणि सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून एकही जागा चुकली नाही.

एकाच शब्दावर भित्तीपत्रकांची मालिका करायची हे बरेच दिवस मनात होते. ‘चहा’ आणि ‘आई’ या शब्दांचे विचार झाले होते, पण त्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. आज शब्द मिळाला. नियम दोनच ठेवते. एका तक्त्यावर एकच गोष्ट. आणि ज्याची खात्री नाही ते तक्त्यावर जाणार नाही, कितीही गोड वाटले तरी.

५ जून

आधी घरचा हिशेब. मराठीत ‘न’चे गणगोत केवढे आहे ते एका कागदावर उतरवले : न, ना, नाही, नव्हे, नये, नको, नसणे, नाहीतर, नाहीसा, नकार, नन्नाचा पाढा. प्रत्येकाचे काम वेगळे. ‘जात नाही’ ही वस्तुस्थिती, ‘जाऊ नये’ हा संकेत, ‘जाऊ नको’ ही मनाई, ‘तो मी नव्हे’ ही ओळखीची दुरुस्ती. इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच ‘नॉट’ येतो. आपण नकारातही माणसाचा हेतू सांगतो, हे आज लिहून काढेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या रांगेत फारसीतून आलेला उपसर्ग ‘ना’. नाराज, नापसंत, नाउमेद, नाइलाज, नालायक. हा ‘ना’ आणि आपला ‘न’ मुळात एकच. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन भाऊ मराठीत पुन्हा भेटले. आणि फारसी ‘ना’ने इथे येऊन स्वतःचा संसारही थाटला. ‘नापीक’मध्ये तो मराठी ‘पीक’ला लागला आणि ‘नापास’मध्ये इंग्रजी ‘पास’ला. ‘नापास’ या तीन अक्षरांत फारसी डोके, इंग्रजी धड आणि मराठी घर आहे. हा एक तक्ता.

९ जून

आजचा सगळा दिवस एका जोडीवर गेला.

थांब ना.
थांबेना.

बोलून पाहिले तर फरक एका स्वराचा. अर्थ मात्र दोन टोकांचे. पहिल्यात थांबायची विनंती आहे, दुसऱ्यात कितीही सांगितले तरी न थांबणे आहे. भाचीला वाचून दाखवले. ती लगेच म्हणाली, “थांब ना म्हणजे प्लीज. थांबेना म्हणजे ऐकतच नाही!” बरोबर सांगितलेस, म्हटले. पण कान जे ओळखतो ते नियमात मांडायचे कसे?

दुपारभर वाक्ये फिरवून पाहिली आणि वाट सापडली. अनेकवचन करून बघायचे. ‘मुलगा थांबेना’चे ‘मुले थांबेनात’ होते. म्हणजे नकाराच्या ‘ना’ला क्रियापदाचा प्रत्यय लागतो, तो स्वतःच चालतो. विनवणीच्या ‘ना’चे तसे होत नाही. ‘तू थांब ना’, ‘तुम्ही थांबा ना’. बदलले ते ‘थांब’, ‘ना’ जागचा हलला नाही.

दुसरी खूण अशी की विनवणीचा ‘ना’ क्रियापदाला सोडून इतरत्रही कुठेही बसतो. लहान मुले गोष्ट सांगतात तेव्हा ऐकावे : “काल ना, मला ना, खिडकीत ना, एक खार दिसली.” दर पावलाला ‘ना’ टाकून समोरचा ऐकतोय ना हे ती चाचपत असतात. नकाराच्या ‘ना’ला अशी मोकळीक नाही. तो क्रियापदाच्या अंगाला शिवलेला असतो.

मग विनवणीचा ‘ना’ आला कुठून? माझे मत असे की तो नकारातूनच मऊ होत आला. ‘येणार ना?’ असे विचारताना आपण समोरच्यासमोर ‘नाही’ म्हणायची जागा ठेवतो आणि ती त्याने घेऊ नये असे सुचवतो. जर्मन माणूस वाक्याच्या शेवटी ‘निश्त वार’ म्हणजे ‘खरे नाही?’ जोडतो, फ्रेंच माणूस ‘नेस पा’ म्हणजे ‘हे नाही का?’ म्हणतो, स्पॅनिश माणूस नुसते ‘नो?’ म्हणून थांबतो. होकार हवा असतो आणि पुढे केलेला असतो नकार. हे मत आहे म्हणून तक्त्यावर ‘असे वाटते’ या शब्दांसहच जाईल.

१० जून

कालच्या नोंदीला जोड. कोकणी बोलणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. कोकणीत ‘ना’ हे पूर्ण क्रियापदच आहे : ‘आसा’ म्हणजे आहे, ‘ना’ म्हणजे नाही. ‘कळना’, ‘जायना’ ही रोजची रूपे. आपल्या ‘नको’ला तिकडे ‘नाका’. आपल्याकडे ‘कळेना’ जरा कथेतले वाटते, तिच्याकडे ते रोजच्या बोलण्यातले आहे. आणि आपला ‘नको’ दखनी बोलीत ‘नक्को’ होऊन बसला आहे. उत्तरेच्या हिंदीत तो नाही. नकाराचे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत, म्हणून याचे अप्रूप वाटते.

१४ जून

कुळाचा तक्ता. संस्कृत ‘न’, अवेस्ती ‘न’, फारसी ‘न’, लॅटिन ‘ने’, लिथुआनियन ‘ने’, रशियन ‘न्ये’, जुनी इंग्रजी ‘ने’. या साऱ्यांच्या पूर्वजाला भाषाशास्त्रज्ञ ‘ने’ असेच लिहितात. इतक्या काळात शब्दांचे हातपाय बदलले, तोंडवळे बदलले, हे एवढेसे अक्षर जवळपास तसेच राहिले.

या तक्त्यात मला सर्वांत आवडलेला कोपरा ‘नास्ति’चा. संस्कृतात न आणि अस्ति मिळून नास्ति. फारसीत याच जोडणीचे ‘नीस्त’ झाले. प्राकृतात ‘णत्थि’ आणि त्यातून गुजराती ‘नथी’. रशियन ‘न्येत’ही असाच घडला : नकार, त्याच्या पोटात असण्याचे क्रियापद आणि शेवटी ‘इथे’ अशा अर्थाचा एक तुकडा. म्हणजे रशियन माणूस ‘न्येत’ म्हणतो आणि गुजराती माणूस ‘नथी’ म्हणतो तेव्हा दोघेही मुळात ‘न’ आणि ‘आहे’ हीच दोन माणसे एका घोंगडीत गुंडाळत असतात. पाणिनीचे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ हे सूत्रही इथेच घ्यायचे. ‘नास्ति’ अशी ज्याची मती तो नास्तिक. एका आख्ख्या वाक्याला प्रत्यय लावून माणसाचे विशेषण केले.

‘अ’ आणि ‘अन्’ हे उपसर्ग त्याच ‘ने’चे आकसलेले रूप. ग्रीकमध्येही तो ‘अ’ किंवा ‘अन्’च, लॅटिनमध्ये ‘इन’, इंग्रजीत ‘अन’. अज्ञात या शब्दाचा इंग्रजीतला सख्खा भाऊ शोधताना ‘अनकूथ’ हाती लागला. आज त्याचा अर्थ असंस्कृत, पण जुन्या इंग्रजीत तो ‘माहीत नसलेला’ एवढाच होता. अनोळखी माणूस तो गावंढळ, असा प्रवास त्या शब्दाने केला.

१५ जून

कालचा तक्ता फाडला. हंगेरियन ‘नेम’ आणि ‘ने’ मी रशियनच्या शेजारी लिहून टाकले होते. हंगेरियन या कुळातली नाहीच, ती युरालिक, फिनिशच्या बाजूची. आवाज जुळला आणि हात पुढे गेला. पुठ्ठा वाया गेल्याचे दुःख नाही, पण हा तक्ता लागला असता आणि कुणी तो खरा मानून पुढे सांगितला असता, या विचाराने रात्री झोप लागली नाही. यापुढे कोणताही शब्द कुळात घालण्याआधी त्याच भाषेतले अंक आणि नात्यांचे शब्द तपासायचे. एकटा ‘न’ साक्षीला पुरेसा नाही.

२१ जून

वेदातला ‘न’. याबद्दल ऐकून होते, आज नीट बसून वाचले.

ऋग्वेदात ‘न’चे दोन अर्थ आहेत. एक आपल्या ओळखीचा, नाही. दुसरा ‘सारखा’. विष्णुसूक्तात ‘मृगो न भीमः’ येते तिथे ‘भयंकर पशू नव्हे’ असा अर्थ लावला तर सगळे सूक्तच उलटेल. अर्थ आहे, भयंकर पशूसारखा. तोच शब्द, तेच अक्षर, एकीकडे तोडतो आणि एकीकडे जोडतो.

यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या त्यांच्या ग्रंथात, हे स्वच्छ सांगून ठेवले आहे. ‘नेति प्रतिषेधार्थीयो भाषायाम्, उभयमन्वध्यायम्.’ बोलीत ‘न’ नुसता निषेधाचा, वेदात दोन्ही. आणि ओळखायचे कसे याचीही खूण त्यांनी दिली : ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी आला तर नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर ‘सारखा’. ‘नेन्द्रं देवममंसत’, इंद्राला देव मानले नाही, इथे ‘न’ आधी. ‘दुर्मदासो न सुरायाम्’, इथे ‘न’ मागे, म्हणून मदाने झिंगलेल्यांसारखे.

हे वाचताना ९ जूनची माझी दुपार आठवली. मी अनेकवचन फिरवत होते, त्यांनी जागा पाहिली. एका अक्षरात दोन अर्थ एकत्र नांदत असतील तर ते वेगळे करणारी काहीतरी खूण भाषा ठेवतेच. वेदात तर तिसरीही खूण आहे, ती कानाची. नकाराचा ‘न’ पुढच्या स्वरात सहसा मिसळून जातो. उपमेचा ‘न’ लिहिताना मिसळलेला दिसला तरी छंदात म्हणताना सुटाच राहतो, नाहीतर अक्षरे कमी पडतात. म्हणजे म्हणणारे हे दोन ‘न’ वेगवेगळे उच्चारत होते.

नकारातून उपमा कशी निघाली? एक स्पष्टीकरण पटते : ‘तो पशू नव्हे, पण…’ असे म्हणता म्हणता साम्य पुढे आले. आपणही ‘आवाज नव्हे, नुसती घंटा’ म्हणतो तेव्हा नकार देऊन उपमाच देत असतो.

यावरून ज्ञानेश्वरीतला ‘नातरी’ आठवला. एका दृष्टान्तामागून दुसरा आणताना ज्ञानदेव ‘नातरी’ म्हणतात, म्हणजे ‘हे नाही तर’. त्याचा वेदातल्या ‘न’शी थेट धागा आहे असे मी म्हणणार नाही. पण उपमांची माळ ओवताना पुन्हा हाताशी ‘ना’च यावा, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

२६ जून

छोटी नोंद. ‘दिसेनासा झाला’. दिसे, ना, सा. नकार आणि साम्य शेजारी शेजारी. पक्षी उडाला, लहान होत गेला, दिसेनासा झाला. ‘दिसला नाही’मध्ये तो आधीच गेलेला असतो. ‘दिसेनासा’मध्ये तो अजून जातो आहे. हा तक्ता शब्द न लिहिता, नुसता आकाशातला ठिपका काढून करायचा का, याचा विचार चालू आहे.

३ जुलै

आज ज्याच्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला असे आता वाटते ते सापडले.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्परसन यांनी १९१७ साली नकारावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण असे : नकाराचा शब्द फार लहान असतो, बोलताना त्यावर जोर पडत नाही, तो क्रियापदाच्या सावलीत दबून जातो. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या अशक्त शब्दावर कशी सोडायची? म्हणून माणसे त्याला टेकू देतात. टेकू रोजचा झाला की तोच नकार वाटू लागतो आणि मूळ शब्द गळून पडतो. मग टेकूच अशक्त होतो आणि त्याला नवा टेकू लागतो. १९७९ साली ऑस्टेन डाल यांनी या फेऱ्याला ‘येस्परसनचे चक्र’ असे नाव दिले.

फ्रेंचमध्ये हे डोळ्यांसमोर घडले आहे. आधी नुसता ‘न’ होता, उच्चार ओझरता. त्याला टेकू म्हणून ‘पा’ आला, म्हणजे पाऊल. ‘मी पाऊलभरही चालत नाही’, इथे तो शोभतो. त्याच्या बरोबरीने इतरही होते : ‘प्वँ’ म्हणजे ठिपका, ‘मी’ म्हणजे कण, ‘गूत’ म्हणजे थेंब. त्यांतला ‘पा’ तगला आणि चालण्याशी काही संबंध नसलेल्या क्रियापदांनाही लागला. आज बोलीभाषेत मूळ ‘न’ गाळून नुसत्या ‘पा’वर काम चालते. पाऊल म्हणजे नाही, हे त्या भाषेत रोजचे झाले आहे.

इंग्रजी ‘नॉट’ उकलला तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. त्यात ‘ने’ आहे, ‘आ’ आहे आणि ‘विख्त’ आहे. ‘विख्त’ म्हणजे जीव किंवा वस्तू. ‘आ’ म्हणजे कधीही. अख्खे मिळून ‘कधीही काही नाही’, हेच दाबून दाबून ‘नॉट’ झाले. इंग्रजी ‘नो’मध्येही तोच ‘आ’ : ‘ने’ आणि ‘आ’. आणि हा ‘कधीही’वाला ‘आ’ ज्या मुळातून आला त्याच मुळातला संस्कृत शब्द आहे ‘आयु’. लॅटिनमधला ‘ऐवुम’ म्हणजे युग, तोही त्यातलाच.

म्हणजे इंग्रजी ‘नो’ सोलला तर आत ‘न’ आणि ‘आयु’ निघतात. आयुष्यात नाही.

यापुढची गोष्ट ग्रीकची. जुन्या ग्रीकमध्ये नकाराला ‘ऊ’ म्हणतात, त्यात ‘न’चा मागमूस नाही. वॉरन काउगिल यांनी १९६० साली दाखवले की तो ‘ऊ’ मुळात ‘न, आयु’ अशाच जोडणीतला असावा. टेकू म्हणून ‘आयु’ आला, ‘न’ गळाला, राहिला तो नुसता टेकू. ग्रीक माणूस ‘नाही’ म्हणताना फक्त ‘आयुष्यात’ म्हणत होता आणि ऐकणाऱ्याला कळत होते.

आपण ‘मी जन्मात जाणार नाही’ म्हणतो. ‘आयुष्यात पाहिलं नाही’ म्हणतो. कुणी कुणाकडून शिकलेले नाही. रागाच्या भरात माणसाचा हात त्याच टेकूकडे जातो.

४ जुलै

रात्रभर मराठी टेकू आठवत राहिले. सकाळी वहीची दोन पाने भरली.

तिळमात्र नाही. तसूभर हलला नाही. कणभर फरक नाही. टिपूसही नाही. काडीचीही किंमत नाही. ओ की ठो कळत नाही. चकार शब्द काढला नाही, इथे तर माप एका ‘च’ या अक्षराचे. चिटपाखरू नव्हते, ही आमची ‘विख्त’. लॅटिन ‘निहिल’ म्हणजे ‘काही नाही’, त्यातला ‘हिलुम’ हा क्षुल्लक तुकडा रोमन लोकांनीच शेंगेतल्या दाण्याला चिकटणाऱ्या बारीकशा गोष्टीशी जोडला होता. आमचा तीळ आणि त्यांचा हिलुम एकाच मापाचे.

पण हे सगळे ठसठशीत टेकू, सहज ओळखू येणारे. खरे काम करणारे टेकू वेगळेच आहेत आणि ते बोलताना ध्यानातही येत नाहीत. ‘मी काही येत नाही.’ या ‘काही’चा अर्थ काय? काहीच नाही. तो काढला तरी वाक्य उभे राहते, पण त्यातला ठामपणा जातो. ‘मुळी’ तसाच. ‘मला मुळी आवडतच नाही.’ मूळ म्हणजे झाडाचे मूळ, तिथपासून उपटून काढलेला नकार. आणि ‘मला मुळीच आवडते’ म्हणून पाहा, जीभच वळत नाही. ‘मुळीच’ने नकाराशी इतकी सोयरीक केली आहे की होकाराच्या घरी तो पाऊल टाकत नाही. ‘बिलकुल’चा अर्थ अरबीत ‘संपूर्णपणे’. हिंदीत कुणी नुसते ‘बिलकुल!’ म्हणाले तर तो ठाम होकार. मराठीत ‘बिलकुल’ ऐकला की कान पुढच्या ‘नाही’साठी तयार होतो.

हा तक्ता मोठा लागेल. मधोमध ‘न’, अगदी बारीक अक्षरात, आणि भोवती टेकू.

६ जुलै

येस्परसन यांचा आणखी एक विचार नोंदवून ठेवते. ‘ने’ मुळात किळस वाटल्याचा उद्गार असावा, नाकाचे स्नायू आक्रसताना निघणारा, असे त्यांना वाटे. आपण ‘नाक मुरडणे’ म्हणतो, त्यामुळे कल्पना लगेच आपलीशी होते. तरी मी तक्त्यावर घेणार नाही. जगात कितीतरी भाषांच्या नकारात ‘न’ नाही. कन्नड ‘इल्ल’, तमिळ ‘इल्लै’ शेजारीच आहेत. आणि काही भाषांत ‘न’ चक्क होकारात आहे, त्याची नोंद वेगळी करते.

१० जुलै

होकारातले ‘न’.

आजच्या ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. प्राचीन काळी ‘नाइ’, म्हणजे खरोखर, त्याचा उच्चार बदलत हा झाला. ग्रीसच्या उत्तर सीमेपलीकडे बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे हो. पोलिश माणूस गप्पांच्या ओघात ‘नो’ म्हणतो तेव्हा तो दुजोरा देतो, चेक भाषेत ‘आनो’ म्हणजे हो आणि बोलताना त्याचाही ‘नो’ होतो. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझा, कन्नड बोलीत ‘ना’ म्हणजे मी, तमिळमध्ये ‘ना’ म्हणजे जीभ. यांचे एकमेकांशी नाते नाही. तोंडाला सहज येणारे ध्वनी थोडे आणि सांगायच्या गोष्टी फार, त्यामुळे लहान शब्द पुन्हा पुन्हा एकाच जागेवर येऊन धडकतात. हंगेरियनने मला हेच शिकवले होते.

जपानीने मात्र थक्क केले. ‘इकु’ म्हणजे जाणे. ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस. आणि ‘इकि ना’ म्हणजे जा ना. ‘उ’ आणि ‘इ’ एवढाच फरक. पहिला ‘ना’ मनाईचा, दुसरा ‘नासाइ’ या आज्ञेच्या शब्दाचा तुटलेला तुकडा. माझ्या ‘थांबेना’ आणि ‘थांब ना’ला परदेशात इतका तंतोतंत जोडीदार मिळेल असे वाटले नव्हते. या दोन जोड्या एकाच तक्त्यावर, समोरासमोर.

१३ जुलै

आसामी बोलणाऱ्या जुन्या सहकाऱ्याशी बोलले. आसामीत नकार क्रियापदाच्या आधी बसतो आणि क्रियापदाचा स्वर उचलतो. खाय, नाखाय. लिखे, निलिखे. शुने, नुशुने. देखे, नेदेखे. खात नाही, लिहीत नाही, ऐकत नाही, पाहत नाही. त्याने हळू म्हणून दाखवले तेव्हा ऐकू आले की ‘न’ला स्वतःचा स्वरच नाही, पुढे जे येणार त्याचे तोंड तो आधीच धरून असतो. शेजारच्या बंगालीत ‘ना’ मागे जातो, ‘आमि जाबो ना’, आणि ‘बोलो ना’ म्हटले की विनवणी होते, आपल्यासारखीच.

१८ जुलै

फिनिश. तिथे नकार हे सरळ सरळ क्रियापद आहे. एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवात : मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते यांची ही सहा रूपे, आणि मुख्य क्रियापद पाठोपाठ तसेच उघडे राहते. परभाषेचे व्याकरण शिकणाऱ्यांना याचे फार नवल वाटते. मराठी माणसाला वाटू नये. नाही, नाहीस, नाहीत. नको, नकोस, नका. फिनिशमध्ये एकाला ‘आला’, अनेकांना ‘आल्का’. जाऊ नको, जाऊ नका. हंगेरियनमुळे ज्या कुळाच्या वाटेला मी जपून जात होते, तिथेच आमच्या ‘नको-नका’ची छबी दिसली. नाते नाही, तरी घडण तीच.

२४ जुलै

तक्ते तयार. एकूण चौदा. दिसेनासाचा तक्ता ठिपक्याचाच केला.

पंधरावा आज ऐन वेळी सुचला. ‘येईना’ म्हणजे येत नाही. त्यालाच ‘का’ जोडा : ‘येईना का!’ म्हणजे खुशाल येऊ दे, मला काय त्याचे. ‘असेना का’, ‘म्हणेना का’ तसेच. आणि अनेकवचन ‘येईनात का’, म्हणजे ९ जूनच्या कसोटीप्रमाणे हा नकाराचाच ‘ना’. नकार जागेवर आहे, चालतोही आहे, तरी वाक्य मुभा देते आहे. याचे उत्तर माझ्याकडे असेल तर ते ‘का’मध्ये आहे. ‘का येईना?’ हा प्रश्न उलटा होऊन बेफिकिरीत बदलला असावा. पण ‘असावा’वर तक्ता पुरा होत नाही, म्हणून त्याची अर्धी बाजू कोरी ठेवली आहे.

भाचीने पहिल्या तक्त्यावरचे तिचेच वाक्य वाचले. ‘नको’तला न मी काळ्या रंगात रंगवला होता आणि पुढचे दोन्ही ‘ना’ निळ्यात. तिने बोट ठेवले आणि म्हणाली, “हे दोघे एक नाहीत. एकात मी रडतेय, एकात सांगतेय.” स्केचपेनचा डबा तिच्यापुढे ठेवला. शेवटच्या ‘ना’साठी तिने हिरवा निवडला.